आधी डोक्यात शोधा, मग फोनवर

शाळेतून दहा शब्दांची यादी येते. उद्या श्रुतलेखन असतं, म्हणून संध्याकाळी मूल एकेक स्पेलिंग मोठ्याने घोकत बसतं. एन-आय-जी-एच-टी नाइट, एन-आय-जी-एच-टी नाइट. दुसऱ्या दिवशी बरेचसे शब्द बरोबर येतात, आठवड्याभरात त्यातले अनेक विसरले जातात, आणि तोवर नवी यादी आलेली असते. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं, पण घराघरांत स्पेलिंग पाठ करायची रीत बदलली नाही. एक शब्द घ्यायचा, तो दहा वेळा लिहायचा, मग पुढचा.

पालकांना, शिक्षकांना आणि मोठेपणी स्वतःचं इंग्रजी सुधारू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. शब्द एकटा पाठ करू नका. त्यातली जी अक्षरं नडतात तेवढी बाजूला काढा आणि विचारा, हीच अक्षरं ओळीने असलेले आणखी शब्द कोणते? उत्तर आधी स्वतःच्या डोक्यातून काढा. फोन आहेच, पण त्याची पाळी शेवटी.

'नाइट'चंच घ्या. नडतात ती आय-जी-एच-टी ही चार अक्षरं. आता घरातले सगळे मिळून आठवा. लाइट बिल भरतो तो लाइट. नाइट ड्युटीतला नाइट. विमानाची फ्लाइट. राइट साइडचा राइट. कपडे टाइट होतात तो टाइट. मग ब्राइट, फाइट, मिडनाइट, टुनाइट, डिलाइट. मराठी बोलताना आपण यातले निम्मे शब्द रोज वापरतो. दहा मिनिटांत दहा शब्द हाती लागतात आणि पाठ करायची असतात फक्त ती चार अक्षरं.

कोणीतरी 'साइट' म्हणेल, आणि तिथे थांबायला हवं. दृष्टी या अर्थाचा साइट या घरातला आहे, बांधकामाची साइट नाही. तिचं स्पेलिंग एस-आय-टी-ई. 'काइट' आणि 'व्हाइट'ही बाहेरचे. देवनागरीत हे सगळे सारखे दिसतात, म्हणून मूल अडखळतं. अशा वेळी शब्दकोश उघडून खात्री करून घ्या. घोकताना हा प्रश्न पडतच नाही. शोधताना पडतो आणि त्याचं उत्तर लक्षात राहतं.

मराठी मुलाला इंग्रजी स्पेलिंग अवघड का जातं, हेही मोठ्यांनी समजून घ्यायला हवं. आपल्या लिपीत क म्हणजे क. बाराखडी आली की वाचता येतं. इंग्रजीकडे अक्षरं 26 आणि उच्चार साधारण 44. त्यामुळे दोन-तीन अक्षरांनी मिळून एकेक उच्चार दाखवायची पाळी येते. त्यात ही भाषा थरांथरांनी बनलेली. तळाशी अँग्लो-सॅक्सन लोकांची बोली. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हा त्यावर फ्रेंच शब्द आले. पुढे विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीक शब्दांची भर घातली. प्रत्येक थर आपापल्या लिहिण्याच्या सवयी घेऊन आला.

'नाइट'मधला जी-एच एके काळी ऐकू यायचा. घशातून काढलेल्या खरखरीत 'ख'सारखा तो उच्चार होता. जर्मन भाषेत रात्रीला आजही 'नाख्ट' म्हणतात, त्यात तो शिल्लक आहे. 'नी' म्हणजे गुडघा, 'नाइफ' म्हणजे सुरी, यांच्या आरंभीचा के-सुद्धा पूर्वी बोलला जायचा. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू ठरून गेलं आणि उच्चार मात्र बदलत राहिले. मुलाला छळणारं मुकं अक्षर बहुतेक वेळा असं जुन्या उच्चाराची खूण म्हणून मागे राहिलेलं असतं.

स्पेलिंग चुकलेल्या मुलाला "एवढंही येत नाही?" असं म्हणू नका, असं मी कळकळीने सांगते ते यासाठी. शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या आज शिल्लक मानल्या जातात, त्यांत त्याने स्वतःचं आडनावही एकसारखं लिहिलेलं नाही. नोआ वेब्स्टरने 1828 च्या आपल्या अमेरिकी शब्दकोशात 'कलर'मधला यू काढून टाकला आणि अमेरिका तसं लिहू लागली. स्पेलिंग हा माणसांनी पाडलेला रिवाज आहे. तो न येणं म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. मराठी शाळेतल्या कितीतरी मुलांनी केवळ स्पेलिंगच्या लाजेपायी इंग्रजी बोलायचं, लिहायचं सोडून दिलं आहे. ही लाज घरात आणि वर्गात आपण मोठी माणसंच लावतो.

अक्षरगट शोधायला पुस्तक लागत नाही. रस्त्यावरच्या पाट्या पुरतात. औषधांच्या दुकानावर 'केमिस्ट' लिहिलेलं असतं, कुठे 'फार्मसी' असतं. 'फार्मसी'त फ साठी पी-एच आहे. मुलाला विचारा, पी-एच आणखी कुठे पाहिलंस? फोटो, फोन, अल्फाबेट, फिजिक्स, शेजारच्या पाटीवरचं फिजिओथेरपी. हे सगळे ग्रीकमधून आलेले. उलट फिश, फायर, फूट, फादर हे इंग्रजीचे घरचे शब्द, त्यांना साधा एफ. शास्त्राचा, विद्येचा शब्द दिसला की पी-एचची शंका घ्यावी, एवढं मुलाच्या लक्षात आलं तरी पुष्कळ झालं.

'केमिस्ट'मधल्या सी-एचचा उच्चार क. तसाच स्कूल, कॅरेक्टर, एको आणि मेकॅनिक यांतला. हेही ग्रीक वळणाचे. मशीन, शेफ, ब्रोशर, पॅराशूट यांत तोच सी-एच श होतो, कारण ते फ्रेंचमधून आले. चाइल्ड, चिन, चिकन यांत तो च, हे जुने इंग्रजी. वहीच्या पानावर तीन रकाने आखा, क, श आणि च. आठवडाभर दिसेल तो सी-एचचा शब्द त्याच्या रकान्यात टाकत जा. सी-एच कधी कसा वाचायचा याचं भय तीन रकान्यांत संपतं.

मराठी घराला सगळ्यांत सोपा पडेल असा खेळ 'शन'चा आहे. आपण रोज बोलतो त्यातले 'शन'ने संपणारे शब्द काढा. स्टेशन, रेशन, इलेक्शन, इंजेक्शन, ऑपरेशन, ॲडमिशन, परमिशन, पेन्शन, फॅशन. आजीलाही यातले बहुतेक येतात. आता स्पेलिंगप्रमाणे त्यांची वाटणी करा. स्टेशन, रेशन, इलेक्शन, इंजेक्शन, ऑपरेशन यांच्या शेवटी टी-आय-ओ-एन. हा गट सर्वांत मोठा. ॲडमिशन आणि परमिशन हे ॲडमिट आणि परमिट या क्रियापदांवरून आले, त्यांच्यात दोन एस आणि मग आय-ओ-एन. पेन्शनमध्ये एकच एस. फॅशन आणि कुशन यांचा शेवट एस-एच-आय-ओ-एन असा. मग गल्लीतल्या पाट्या आठवा, इलेक्ट्रिशियन, ऑप्टिशियन, टेक्निशियन. व्यवसाय करणारा माणूस आला की बहुधा सी-आय-ए-एन, कारण मूळ शब्द इलेक्ट्रिक, ऑप्टिक असा सी-ने संपतो. म्युझिकचा म्युझिशियन, मॅजिकचा मॅजिशियन. एवढं कळलं की मूल न पाहिलेला शब्दही बरोबर लिहू लागतं.

काही अक्षरं कुठे येत नाहीत, हे शोधणंही तितकंच कामाचं. व्ही-ने संपणारा इंग्रजी शब्द शोधून पाहा. गिव्ह, हॅव, लव्ह, फाइव्ह, सगळ्यांच्या शेवटी ई चिकटवलेला दिसेल. जे-ने संपणारे शब्दही जवळजवळ नाहीत. ब्रिज, जज, बॅज यांच्या शेवटी डी-जी-ई येतं. सी-के ही जोडी शब्दाच्या आरंभी येत नाही. ती बॅक, डक, लॉक अशी आखूड स्वरानंतर येते. क्यू-नंतर यू येतो. क्वीन हा शब्द जुन्या इंग्रजीत सी-डब्ल्यू असा लिहीत आणि क्यू-यू ही फ्रेंच लेखनिकांची सवय नॉर्मन विजयानंतर रुळली. इराक आणि कतार या देशांच्या नावांत यू नसलेला क्यू दिसतो, कारण ती नावं अरबीतून आली आहेत.

सगळेच गट इतके शहाणे नाहीत, हेही मुलांना मोकळेपणी सांगा. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं 'दो'मध्ये एक उच्चार देतात, 'थ्रू'मध्ये दुसरा, 'टफ'मध्ये तिसरा, 'थॉट'मध्ये चौथा. इथे नियम नाही. थोडेच शब्द आहेत, ते उच्चाराप्रमाणे जोडीने लक्षात ठेवावेत. टफ आणि रफ एकत्र, थॉट, बॉट आणि ब्रॉट एकत्र. पाठांतर वाईट नसतं. ज्याला पर्याय नाही तेवढंच पाठ करावं आणि बाकीचं समजून घ्यावं.

अमेरिकेत 1925 पासून राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा भरते आणि गेली अनेक वर्षं तिथे भारतीय वंशाची मुलं सातत्याने जिंकत आहेत. 2019 मध्ये तर आठ जण एकदम विजेते ठरले. या स्पर्धेत मुलाला परीक्षकाला शब्दाचा अर्थ विचारता येतो आणि शब्द मूळ कोणत्या भाषेतला, हेही विचारता येतं. मूळ भाषा कळली की तिथे कोणती अक्षरं एकत्र येतात याचा अंदाज बांधता येतो. एवढ्या मोठ्या व्यासपीठावरची मुलं जे करतात, त्याचीच सुरुवात आपल्या घरी वहीच्या तीन रकान्यांत करता येते.

आता खेळांविषयी. स्क्रॅबल आणि वर्डल आपल्याकडेही खेळले जातात. स्क्रॅबलमध्ये हातातल्या अक्षरांतून शब्द जुळवायचा असतो, वर्डलमध्ये दडलेला शब्द ओळखायचा असतो. यासाठी कोणतं अक्षर किती वेळा भेटतं हे माहीत असावं. आल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्कमध्ये राहणारा वास्तुविशारद 1930 च्या दशकातल्या मंदीत बेकार झाला. त्याने वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजली आणि त्यावरून स्क्रॅबलच्या सोंगट्या ठरवल्या. शंभर सोंगट्यांत ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेकच. ते क्वचित भेटतात, म्हणून त्यांना दहा-दहा गुण. तारायंत्राच्या मोर्स लिपीतही हाच हिशेब आहे. सर्वांत जास्त लागणाऱ्या ई-ला फक्त एक बिंदू आणि टी-ला फक्त एक रेघ. म्हणून वर्डलमध्ये पहिला शब्द 'स्लेट' किंवा 'क्रेन'सारखा, नेहमी भेटणाऱ्या अक्षरांचा टाकावा.

समजा तुमच्यापुढे ए, ई, जी, आय, एन, आर, टी ही सात अक्षरं आली. ती 5040 प्रकारे मांडता येतात, एकेक मांडून पाहत बसलात तर रात्र सरेल. त्याऐवजी शेपटी बाजूला काढा. आय-एन-जी वेगळं ठेवलं तर ए, ई, आर, टी उरतात. त्यांतून ईटिंग होतो, रेटिंग होतो आणि सगळी अक्षरं वापरून टेअरिंग होतो. मग डोकं पाहा. आर-ई पुढे ठेवलं की रिगेन आणि रिटेन दिसतात. मग व्यंजनांच्या जोड्या लावा. टी-आर वरून ट्रेन, जी-आर वरून ग्रेट, ग्रेन, ग्रँट, आणि शेवटी सातही अक्षरांचा ग्रॅनाइट. अक्षरं सरळ ओळीत न लिहिता गोलात लिहिली तर नजर एकाच क्रमात अडकत नाही. शेपटी, डोकं, जोड्या. हा क्रम मुलांना एकदा शिकवा, पुढे ती तुम्हाला हरवतील.

फोनची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. अक्षरं टाकली की क्षणात सगळे शब्द काढून देणारी साधनं आज फुकट मिळतात. ती कशी चालतात हे मुलाला सांगा, म्हणजे त्यांचं गारूड उतरेल. लिसन या शब्दाची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावा, ई, आय, एल, एन, एस, टी. सायलेंटची लावा, तीच ओळ येते. एनलिस्टची लावा, तीच. यंत्राने कोशातल्या प्रत्येक शब्दाची अशी ओळ आधीच लावून ठेवलेली असते, म्हणून ते झटकन जुळवतं. जॉन वॉकर या इंग्रज लेखकाने 1775 मध्ये शब्द त्यांच्या शेवटच्या अक्षरांप्रमाणे लावलेला कोश छापला होता. अक्षरांवरून शब्द शोधायची सोय माणसाने यंत्र नसतानाही केली होती.

यंत्र वापरू नका असं मी म्हणत नाही. पण पहिल्या क्षणी वापरलं तर ते शंभर शब्दांची यादी पुढे टाकतं. त्यातले कित्येक कधी ऐकलेले नसतात, आणि यादी बंद केली की त्यातलं काहीच आपलं उरत नाही. स्वतः आठवून काढलेला शब्द टिकतो, कारण तो काढताना मन त्याच्याभोवती चार वेळा फिरलेलं असतं. म्हणून क्रम असा ठेवा. आधी डोकं आणि कागद. मग घरातल्यांना विचारणं. मग शब्दकोश. शेवटी यंत्र, आणि तेही आपली यादी तपासायला आणि सुटलेले शब्द भरायला. बऱ्याच डिजिटल शब्दकोशांत माहीत नसलेल्या एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांच्या जागी तारा टाकता येतो. तारा टाकून पुढे आय-जी-एच-टी लिहिलं की त्या घराण्याचे सगळे शब्द येतात. त्यातले आपल्याला किती आधीच सापडले होते, हे मुलाला मोजू द्या. स्पर्धेच्या खेळात मात्र यंत्र उघडू देऊ नका. तिथे ती सरळ लबाडी आहे आणि लहानपणीच तसं सांगितलेलं बरं.

शिक्षकांना एक विनंती. दहा सुट्या शब्दांऐवजी आठवड्याला एक अक्षरगट द्या. फळ्यावर गट लिहा आणि आठवडाभर मुलांना शब्द आणायला सांगा. साबणाच्या वेष्टनावरून, औषधाच्या खोक्यावरून, एसटी स्टँडवरून, रेल्वेच्या फलाटावरून. कोणी कुठून आणला हेही सांगू द्या. याला एक पैसा लागत नाही, आणि ज्या मुलाच्या घरी इंग्रजी पुस्तक नाही तेही पाटीवरचा शब्द घेऊन येऊ शकतं. चुकीच्या गटातला शब्द आला तर खोडू नका, बाजूला लिहा आणि तो इथला का नाही हे वर्गालाच ठरवू द्या.

पालकांनो, आम्हाला स्वतःला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार, असं म्हणून मागे सरू नका. हा खेळ शिकवण्याचा नाही, बरोबर बसून शोधण्याचा आहे. स्टेशन आणि इंजेक्शन तुम्हालाही येतं. स्पेलिंग मुलाला सांगू द्या, शब्द तुम्ही पुरवा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनीही हे करून पाहावं. शब्दसंग्रहाच्या जाड याद्या पाठ करण्यापेक्षा एकेक गट हाती धरला तर ओझं बरंच हलकं होतं.

या रविवारी सुरुवात करा. एक पान घ्या, वर एकच अक्षरगट लिहा, दहा मिनिटं फोन बाजूला ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाकडून किमान दोन शब्द घ्या. मग तपासा, चुकलेले दुरुस्त करा आणि पान जपून ठेवा. पुढच्या रविवारी दुसरा गट. वर्षभर हे केलंत तर मुलाकडे इंग्रजीचे पन्नासेक अक्षरगट आणि त्यांतले शेकडो शब्द असतील, आणि ते त्याने स्वतः शोधलेले असतील.